तहानलेल्या बाईचं पाणी

“यावर कुणाचाही विश्वास बसायचा नाही,” मी म्हणालो, “पण फ्लोरेसमधल्या त्या घराला एकामागे एक सात दारं होती. प्रत्येक दाराशी बाई अंगावरचं एकेक उतरवून ठेवत गेली. आधी टोपी, मग कानातलं, मग शाल. सातव्या दारापाशी पोचलो तेव्हा तिच्या अंगावर मी नुकताच विकलेला विश्वकोशाचा चौथा खंड तेवढा उरला होता, तोही साध्या पुठ्ठ्याच्या बांधणीतला.”

खालच्या मजल्यावरची पिरूचा विणता विणता फसकन हसली आणि लगेच पलंगाकडं बघून तिनं तोंड आवरलं. पलंगावर सुलेमा पडली होती, माझी थोरली बहीण. डोळे मिटलेले, ओठ मिटलेले, ओठांवर मीठ वाळावं तशी पांढरी खपली. ती हसणार नव्हती हे मला ठाऊक होतं आणि मला तिचं हसू नकोच होतं. मला हवा होता तिचा एकच शब्द, जो तिनं जन्मभर मला ऐकवला: “खोटं.” माझी एकही थाप सुलेमानं कधी सुखानं जाऊ दिली नाही. लग्नात, मयतीला, मतदानाच्या रांगेत, कुठंही मी जरा ढील दिली की मागून तो कोरडा शब्द यायचा, आणि मग थापेला नेमकं कुठं भोक आहे तेही ती दाखवायची. आताही म्हणाली असती, सात दारांचं घर असलेली बाई हप्त्यानं पुस्तकं कशाला घेईल रे, लबाडा. तर माझा बेत असा होता की एवढी मोठी थाप मारायची की तिला राहवणार नाही. राहवलं नाही की ती बोलेल, बोलली की घसा सुकेल, घसा सुकला की पाणी मागेल. पाण्याचा पेला मी हातात धरूनच बसलो होतो, हाताच्या उबेनं तो कोमट झाला होता. बेत मूर्खपणाचा होता, पण डॉक्टरांकडं याहून शहाणा नव्हता. इस्पितळात तिला सलाईन लावलं होतं. तिनं सुई काढली, पुसली आणि नीट ट्रेमध्ये ठेवून दिली. तिथला तरुण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, आजी पूर्ण शुद्धीवर आहेत, नको म्हणतायत, मी त्यांच्यावर जबरदस्ती करू शकत नाही. घरी न्या, माणसाच्या हातून पाणी प्यायल्या तर बरंच, नाहीतर या उकाड्यात फार दिवस निघायचे नाहीत. जानेवारीचा महिना होता. दुपारी आमच्या गल्लीतला डांबरी रस्ता चपलेला चिकटत होता.

हे सगळं एका बाटलीवरून झालं. बुएनोस आयरेसमधल्या आमच्या चाकारिता वस्तीत, रेल्वेच्या फाटकाशी बस थांबते तिथं, एका जुन्या झाडाच्या बुंध्याला टेकून दिफुंताचं, म्हणजे मेलेल्या बाईचं, देऊळ आहे. देऊळ म्हणजे विटांचं खुराडं. आत मातीची आडवी पडलेली बाई, तिच्या छातीला लागलेलं मूल, आणि भोवती पाण्याच्या बाटल्याच बाटल्या. नवऱ्याला लढाईवर धरून नेलं म्हणून ही बाई तान्हं मूल घेऊन सान हुआनच्या वाळवंटात त्याच्या मागावर चालत निघाली आणि तहानेनं मेली. खेचरं हाकणाऱ्यांना सापडली तेव्हा ती केव्हाची मेलेली होती आणि मूल तिच्या छातीशी दूध पीत होतं. तेव्हापासून ट्रकवाले, बसवाले, नवस बोललेले, सगळे तिला पाणी ठेवतात. मी दर आठवड्याला ठेवतो. बाटली घरून भरून न्यायची, टोपण घट्ट लावायचं, ओळीत उभी करायची. ते पाणी कुणी पीत नाही, कुत्र्यालासुद्धा पाजत नाही. ऊन त्याला हिरवं करतं, तरी ते तिचंच असतं. त्या सकाळी मी नवी बाटली काखेत धरून बसमधून उतरलो आणि पाहिलं तर देवळाच्या कडेला फुटपाथवर एक म्हातारी बसलीय आणि दिफुंताची बाटली तोंडाला लावून गटागटा पितेय. पाणी हनुवटीवरून तिच्या निळ्या झग्याच्या गळ्यात उतरत होतं. मला आधी बाटली ओळखू आली, मागच्या खेपेला मीच ठेवलेली, आणि मग म्हातारी. “सुले,” मी रस्त्याच्या पलीकडूनच ओरडलो, “ते तिचं पाणी आहे. तिचं. घरी नळ नाही का तुला?” बसच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. पेपरवाला म्हणाला, “काय हे आजी, मेलेल्या बाईच्या तोंडचं पाणी काढलंत?” दोघंतिघं हसले. सुलेमानं बाटली खाली घेतली. तिनं माझ्याकडं कसं पाहिलं ते आठवायला जातो तेव्हा मला चेहरा दिसत नाही, नुसती ओली हनुवटी दिसते. तिनं टोपण लावलं, अर्धी बाटली ओळीत जिथली तिथं ठेवली, तिच्यावरचा कागद पुढं येईल अशी फिरवली, आणि माझी वाट न बघता घरी चालायला लागली. बाजारातून येताना तिला उन्हानं चक्कर आली होती, हे मला नंतर पिरूचानं सांगितलं. पिशवीतले टोमॅटो फाटकापाशी सांडले होते. मी ते पायाखाली येताना पाहिलेही होते.

घरी आल्यावर तिची समजूत काढायची म्हणून येर्बा मी केली. भोपळ्याच्या भांड्यात कडू पानं, वर गरम पाणी, आणि चांदीची नळी. आमच्यात एकच भांडं आणि एकच नळी घरभर फिरते, आणि भांडं परत देताना कुणी आभार मानले की त्याचा अर्थ, झालं, मला आता देऊ नका. म्हणून प्यायचं असेल तोवर कुणी आभार मानत नाही. पोरांनासुद्धा तसं शिकवतात. सुलेमानं तळापर्यंत ओढून घेतलं, भांडं माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, “आभारी आहे, लिचो.” लिसांद्रोचा लिचो फक्त तीच करायची, म्हणून मला वाटलं नुसती रुसली. इतकी वर्षं एका घरात काढल्यावर रुसवा हा पंख्यासारखा होतो, फिरत असतो, आवाज ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या उशाशी भरून ठेवलेला पेला भरलेलाच होता. त्याच्यात एक माशी पडली होती. मी माशी काढून पेला तसाच ठेवला, हेही मला आता आठवतं.

चौथा खंड बायकांचा होता. सगळा उमेदीचा काळ मी दारोदार विश्वकोश विकला, जगभरच्या पुराणकथांचा, आणि मला विचाराल तर बाकीचे खंड लोक त्या चौथ्यासाठी घ्यायचे. त्यात देवता होत्या, चेटकिणी होत्या, आया होत्या. पाताळात उतरताना प्रत्येक दाराशी एकेक दागिना काढून देणारी आणि शेवटी खाटकाच्या आकड्याला मढं होऊन टांगलेली राणी. जमिनीखाली पळवून नेलेल्या मुलीसाठी शेतं करपवून टाकणारी आई. मेक्सिकोतली, पोटच्या पोरांना नदीत बुडवून नदीकाठानं त्यांनाच हाका मारत हिंडणारी. केसांचे साप झालेली. मला हे सगळं तोंडपाठ होतं आणि बाया दार उघडायच्या तेव्हा मी त्यांच्याकडं बघून ठरवायचो, हिला कुठलं पान दाखवायचं. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. सुलेमा संध्याकाळी शर्टांच्या कारखान्यातून यायची, दिवसभर कॉलर शिवून बोटं वाकलेली असायची, आणि मी नमुन्याचा खंड उघडून तिला चित्रं दाखवायचो. एकदा हिंदुस्थानातली ती काळी आई दाखवली, गळ्यात मुंडक्यांची माळ, पायाखाली नवरा, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर. मी म्हणालो, बघ, ही जगाला गिळणारी आई. सुलेमानं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, “गिळतेय कुठली. हिला तहान लागलीय. कुणीतरी पाणी द्या तिला.” आणि कांदा चिरायला गेली. त्या चित्राकडं पुढं कधी पाहिलं की मला हसू यायचं. आज पलंगाशी बसून तेच आठवलं आणि हसू कुठं अडलं ते कळेना.

या शहरात खाटकापासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे मनाच्या डॉक्टरकडं जातात, मग मी तर पुराणं विकणारा. माझी डॉक्टरीण फानी. फानीच्या पंथात स्वप्नं महत्त्वाची, आणि मला स्वप्नं पडत नाहीत. म्हणून मी चौथ्या खंडातून तयार करून न्यायचो. आज आकड्याला टांगलेली बाई, पुढच्या आठवड्यात साप. सुलेमाला हा सगळाच प्रकार संशयास्पद वाटायचा. “स्वतः खुर्चीत बसते आणि परक्या पुरुषाला आडवं पाडते,” ती म्हणायची, “आणि वर त्याच्याच आईची चौकशी करते. लग्नाची राहिलीय का ती?” फानी मात्र माझ्या बनावट स्वप्नांना हरकत घेत नसे. म्हणायची, खोटं स्वप्नही कुणाच्या तरी डोक्यातूनच येतं, ते शेजारच्याच्या डोक्यातून नाही येत. आपल्या प्रत्येकाच्या आत आई नावाची एक फार जुनी मूर्ती असते, ती आपल्या आईच्याही आधीची असते, आणि तिला दोन तोंडं असतात, एक पाजतं आणि एक गिळतं. माणूस जन्मभर पहिल्या तोंडाची पूजा करतो, म्हणजे दुसरं दिसत नाही. मला हे पटायचं. मी म्हणायचो, बाई, मी तर या मूर्तीच्या छातीवरूनच उचललेला माणूस. आणि तिला माझी खरी गोष्ट सांगायचो. कारण माझ्या सगळ्या थापांच्या तळाशी एक खरी गोष्ट होती, आणि तिच्या जोरावरच मी बाकीच्या मारायचो. आम्ही सान हुआनचे. मी अंगावर पिणारा होतो तेव्हा तिथं भूकंप झाला. मातीच्या भिंतींचं शहर एका संध्याकाळी बसलं. आमचं घर आईच्या अंगावर पडलं. लोकांनी ढिगारा उपसला तेव्हा आई मेलेली होती आणि मी तिच्या छातीवर जिवंत होतो. दिफुंताचं पोर, असं मला गल्लीतल्या बाया म्हणायला लागल्या. अनाथ पोरांना घेऊन बुएनोस आयरेसला निघालेल्या आगगाडीत नन्सनी माझ्या गळ्यात दिफुंताचं पदक घातलं, ते अजून आहे. मेलेल्या बाईचं दूध पिऊन जगलेल्या माणसानं जिवंत बायकांना चार थापा मारल्या तर बिघडलं कुठं, असं म्हणून मी ती गोष्ट संपवायचो. फानी हसत नसे. एकदा, अशीच गोष्ट संपल्यावर, तिनं विचारलं, “या गोष्टीत तुमची बहीण कुठं होती?” मी म्हणालो, असेल तिथंच कुठंतरी, लहान होती ती. फानी म्हणाली, “तुमच्या सगळ्या बनावट स्वप्नांमध्ये दाराशी एक मुलगी उभी असते, लिसांद्रो. तिला तुम्ही कधी आत घेत नाही.” मला राग आला. मी तिला दाखवणार होतो की ती मुलगी चौथ्या खंडात नाही, मी तिला उगाच भर म्हणून घातली होती.

खरं म्हणजे ती गोष्ट खरी आहे याचा माझ्याकडं एकच पुरावा होता आणि तो सुलेमाचा होता. माझ्या प्रत्येक थापेला आडवी येणारी ही बाई त्या एका गोष्टीला कधीच आडवी आली नाही. मी सुरू केली की ती उठायची, स्वयंपाकघरात जायची आणि नळ सोडायची. भांडी घासून झालेली असली तरी सोडायची. मला वाटायचं, आईची आठवण तिला सोसत नाही. दिफुंताच्या देवळासमोर आली की ती रस्ता ओलांडून पलीकडून जायची, आणि मला वाटायचं, कारखान्यातल्या युनियनवाल्यांनी हिचा देवावरचा विश्वास उडवला. मला बरंच काही वाटायचं. तिला मी कधी विचारलं नाही, कारण मला आई पाठ होती. मला आईचे हात पाठ होते, कपाळ पाठ होतं. कधी न पाहिलेल्या बाईचं सगळं मी चौथ्या खंडातून हप्त्याहप्त्यानं जमवलं होतं. आणि सुलेमाचे हात? आगगाडीत तिनं मला मांडीवर धरलं असणार, ती मांडी किती लहान असणार. आठ वर्षांची पोर. अनाथाश्रमात आमची ताटातूट करायला आले तेव्हा ती नर्सच्या मनगटाला चावली होती असं सांगतात. पुढं मोठी झाल्यावर ट्रामचा एक कंडक्टर, ओविदियो नावाचा, सहा महिने तिला तिकिटाशिवाय नेत होता. लग्नाला त्याची एकच अट होती की पोरगं, म्हणजे मला, आश्रमात परत ठेवायचं. लोकांना मी तिचंच मूल वाटायचो, तिच्या पाठीमागं वाटेल ते बोलायचे. ती एक दिवस चालत घरी आली आणि त्यानंतर चालतच येत राहिली. हे मला कुणी चित्रात दाखवलं असतं तर मी खाली काय नाव लिहिलं असतं? कुमारी? माता? विधवा? चौथ्या खंडात तिच्यासाठी पान नव्हतं. बाराशे पानं होती, पण पान नव्हतं.

“लिसांद्रो,” पिरूचा म्हणाली, “पुरे आता. झोपू दे तिला.”

“झोपली नाहीये. पापणी बघ. ऐकतेय.”

“मग दुसरी सांग. ही अश्लील होती.”

“व्हिला क्रेस्पोमधल्या भाजीवालीची सांगतो,” मी म्हणालो. “तिची पोरगी भुयारी रेल्वेत उतरली ती सहा महिने वर आलीच नाही. खाली तिचं लग्न लागलं होतं, स्टेशनमास्तरशी. आईनं दुकान बंद केलं. तुला आठवतं पिरूचा, त्या साली सबंध शहरात कोथिंबिरीची काडी मिळेना? ते त्यामुळं.”

“त्या साली संप होता,” पिरूचा म्हणाली.

“तू नको बोलू. तुला कोण विचारतंय.”

“तूच विचारलंस की.”

आम्ही दोघांनी पलंगाकडं पाहिलं. सुलेमाचा श्वास चालला होता, मधेच अडखळत, वाळलेल्या पानावरून कुणी जपून चालावं तसा. पूर्वी याच जागी ती म्हणाली असती, खोटं, कोथिंबीर मीच तुला आणून दिली होती, तुला मिरची सोसत नाही म्हणून नुसती कोथिंबीर. मी तिच्या वतीनं मनातल्या मनात तेही बोललो. मग आणखी एक थाप मारली, उत्तरेकडच्या डोंगरात एका बाईला चौथा खंड विकला ती पावती द्यायच्या आत खेचर झाली; आणि आणखी एक, तिच्याहून वाईट. पिरूचानं विणकाम मांडीवर ठेवलं आणि ती हळूच डोळे पुसायला लागली. माझा आवाज मलाच बाजारातल्या माकडवाल्यासारखा ऐकू येत होता. खोलीत वाळलेल्या लघवीचा आणि कोलोनचा वास होता. पडद्यातून उन्हाची एक पट्टी पलंगाच्या पायथ्यापासून वर सरकत तिच्या गुडघ्यापर्यंत आली होती, आणि मला उगाच वाटलं की ही पट्टी तोंडापर्यंत पोचली की संपलं.

“सुले,” मी म्हणालो, “या पेल्यातलं पाणी कुठलं आहे सांगू?”

हे पिरूचालाही माहीत नव्हतं. सकाळी मी फाटकाशी गेलो होतो. बसच्या रांगेत तीच माणसं होती, पेपरवालाही तोच. सुलेमानं परत ठेवलेली अर्धी बाटली ओळीत तशीच उभी होती, कागद पुढं केलेली. मी वाकलो, ती उचलली. पेपरवाला म्हणाला, “आता तुम्हीपण, आजोबा?” मी मातीच्या बाईकडं पाहिलं. इतकी वर्षं तिला पाणी देत होतो, पहिल्यांदाच तिच्याकडून घेत होतो. ती तशीच पडलेली, मान मागं, डोळ्यांचे रंग उडालेले. तिच्या छातीवरच्या मुलाचं तोंड कुणीतरी रंगवताना जरा मोठं काढलं होतं. आजवर मला ते दूध पिणारं तोंड वाटायचं. त्या सकाळी ते नुसतं उघडं तोंड होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर, ज्याला आम्ही सगळे शांत म्हणतो, त्याच्यावर मला कसलीच शांती दिसेना. मी बाटली काखेत मारून घरी आलो. घरी येऊन फडक्यातून गाळली.

“हे तिचं आहे,” मी म्हणालो. “म्हणजे तुझं. तू ठेवलेलं. मी मागून आणलंय.”

पापणी हलली, मिटली. बस. मी पेल्यात रुमालाचं टोक बुडवलं आणि तिच्या ओठांवर टेकवलं. पाणी खपलीवरून ओघळून गालावर गेलं, तिथून कानाकडं. मी पुसलं, पुन्हा बुडवलं. आता सांगायला थापा उरल्या नव्हत्या. सेल्समनकडं नेहमी एक शेवटचा नमुना असतो, तोही संपला होता. मग काहीच उरलं नाही म्हणून, आणि हात चालवताना तोंडाला काहीतरी चाळा हवा म्हणून, मी ती गोष्ट सांगायला लागलो. थाप म्हणून नव्हे. घरात कुणी जायला टेकलं की बाया जपमाळ घेऊन पुटपुटतात, तशी.

“भिंती मातीच्या होत्या,” मी म्हणालो. “संध्याकाळ होती, उकाडा होता, आई दारात बसली होती. मग जमिनीनं तोंड उघडलं. कुत्री आधी ओरडली. पिरूचा, तू ऐकली नसशील ही.”

“हजारदा ऐकलीय,” पिरूचा म्हणाली. “सांग.”

“छप्पर आलं, तुळई आली, धूळ इतकी की दिवस मावळला की काय कळेना. सगळं शहर हाका मारत होतं आणि मग हाका थांबल्या. माणसं येईतो किती वेळ गेला कुणी मोजला नाही. रात्र गेली, ऊन आलं. ते जानेवारीचं ऊन. पाण्याचे नळ फुटलेले, आडात मातीच माती. आणि आई तुळईखाली.” मी रुमालाचं टोक पुन्हा बुडवलं, पुन्हा तिच्या ओठांत धरलं, आणि या वेळी पाणी बाहेर ओघळलं नाही. मला वाटलं भास झाला. मी तसाच बोलत राहिलो, तेच जुने शब्द, फानीला सांगायचो तेच, बायकांना दारात उभा राहून सांगायचो तेच. “आई गेलेली होती. पहिल्या धक्क्यालाच गेली, तिला काही कळलंही नाही, सगळे तसंच म्हणतात. पण तिच्या छातीत दूध होतं. देवानं ठेवलं होतं. मेलेली बाई मला पाजत राहिली, सबंध रात्र आणि सबंध दिवस, आणि मी जगलो.”

रुमाल ओढला गेला. बोटांना ती ओढ कळली. तिचे ओठ टोकावर मिटले होते आणि ती ते चोखत होती, डोळे मिटून, गळ्याची कातडी वर जात होती, खाली येत होती. तान्ह्या मुलाचा गळा जसा जातो तसा. पिरूचानं माझा दंड धरला. मी टोक पुन्हा भिजवायला हात मागं घेतला तर सुलेमाचा हात वर आला. हाडं आणि शिरा एवढाच उरलेला तो हात रुमालावर आला, माझ्या बोटांवर आला, आणि त्यानं माझी बोटं कशी धरायची ते दाखवलं: टोक पिळायचं नाही, गोल गुंडाळायचं, अंगठ्याखाली दाबायचं, म्हणजे थेंब थेंब पडतो आणि घशात अडकत नाही. हे त्या हाताला माहीत होतं. फार जुनं माहीत होतं. मला एकदम जिभेवर कापडाची चव आली, मातीची आणि जुन्या सुताची, कुठून आली कळेना, आणि ती दुधाची नव्हती.

तिनं डोळे उघडले. ते माझ्याकडं नव्हते, माझ्या हातातल्या पेल्याकडं होते, तळाशी उरलेल्या पाण्याकडं.

“खोटं,” सुलेमा म्हणाली.

आवाज दारावर नख ओढावं तसा होता. मी इतका वेळ त्याच शब्दासाठी बसलो होतो, आणि आता मला तो परत घ्यावासा वाटला.

“पहिल्या धक्क्याला नाही गेली ती,” ती म्हणाली. “आणि दूध तर कधीच आटलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जिवंत होती आई. पाणी मागत होती. माझ्याजवळ एकच घागर होती, लिचो, आणि मी तुला पाजत होते.”